डोण, सोलर पंप आणि बुलबुल: प्रकल्प नोंदी

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

सगळं सुरू झालं एका वायसरवरून. बागेतला नळ दिवाळीपासून गळत होता. जानेवारीत एकदाचा पाना घेऊन बसलो, वायसर बदलला, नळ ठणठणीत कोरडा केला. आठवड्याभराने लेक म्हणाली, "बाबा, बुलबुल यायचे बंद झाले." म्हटलं, डोणीत पाणी आहे की भरलेलं. तर म्हणे, "ते डोणीवर कधी यायचे? नळाला लटकून थेंब प्यायचे."

डोण आमच्या सिन्नरच्या घरची. काळ्या दगडाची, कोंबड्यांना पाणी ठेवायची. आतून ४५ बाय ३५ सेंटिमीटर, खोली १२. तिच्यावर कबुतरं आणि होले येतात, साळुंक्या भांडतात, बाकी कोणी नाही. थंडीत दुर्बीण घेऊन नांदूरमध्यमेश्वरला जाणारे आम्ही (२०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं ते) आणि घरच्या नळावर कोण बसतं ते पोरीने सांगायचं.

ठरलं ते असं: डोणीतलं पाणी हलतं ठेवायचं. हलतं पाणी चमकतं, आवाज करतं, वरून उडणाऱ्याला कळतं. शिवाय साचल्या पाण्यात डेंगीचा एडीस डास अंडी घालतो, त्याला हलतं पाणी सोयीचं नाही. बागेत विजेचा पॉइंट नाही आणि भिंत फोडायला घरातून परवानगी नाही. म्हणजे सोलर.

९ फेब्रुवारी, रविवार

ऑनलाइन मागवलेला तरंगता पंप आला. फुलाच्या आकाराचं काळं पॅनेल, मध्ये तोटी, पोटाखाली पंप. १.४ वॅट. पाण्यात सोडला आणि तीन सेकंदांत कारंजं उडालं. लेक नाचली. आई म्हणाली, "छान आहे हो, हॉटेलात असतं तसं."

दीड तासाने बघतो तर डोण रिकामी आणि पंप कोरडा घरघरतोय. पाणी ४० सेंटिमीटर वर उडतं, जरा वारा आला की निम्मं बाहेर. डोणीत मावतं अठरा-एकोणीस लिटर, त्याचा निकाल लागायला कितीसा वेळ. त्यात डोण आंब्याखाली, ऊन पडतं ११ ते १. ढग आला की फूल लगेच मान टाकतं. दिवसभरात पक्षी शून्य. साळुंकीसुद्धा तारेवर बसून नुसती बघत राहिली.

पॅनेल आणि पंप एकत्र ही कल्पनाच इथे चुकीची आहे. पक्ष्यांना सावली हवी, पॅनेलला ऊन. दोघांना एका जागी बसवून कसं चालेल?

१६ फेब्रुवारी, रविवार

खरेदी. कारंजासाठी नाशिकच्या रविवार कारंजा चौकात जायचं, हा विनोद घरात तिघांनी तीन वेळा केला.

१० वॅटचं १२ व्होल्टवालं पॅनेल, १२ व्होल्टचा ब्रश नसलेला छोटा डीसी पंप (ताशी २४० लिटर, उचल ३ मीटर, करंट ०.३५ अँपिअर असं डब्यावर लिहिलंय) आणि एक बक कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्टेज उतरवून हवं तेवढंच देणारं छोटं सर्किट. पंपाला लागतात जेमतेम सव्वाचार वॅट, मग पॅनेल १० चं कशाला, असं दुकानदारानेही विचारलं. कारण पॅनेलवरचा आकडा प्रयोगशाळेतला असतो: चौरस मीटरला १००० वॅट ऊन आणि सेल २५ अंशांवर. एप्रिलात आमच्या पत्र्यावर ते ६५ अंशांना तापेल. सिलिकॉनचं पॅनेल २५ च्या वर दर अंशाला साधारण ०.४ टक्के कमी देतं, म्हणजे १५-१६ टक्के तिथेच गेले. वर धूळ, आणि सकाळचं तिरपं ऊन. दुप्पट घेतलेलं बरं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

टेबलावर जोडणी. '१२ व्होल्ट' पॅनेलच्या टोकांना काही जोडलं नसेल तर उन्हात मीटर २१ च्या वर दाखवतो. पंप थेट लावला तर चालतो, पण त्याने हवा ओढली आणि भार उतरला की व्होल्टेज चढतं आणि आतलं सर्किट जातं. म्हणून मध्ये कन्व्हर्टर. आधी पंप न जोडता त्यावरचा पितळी स्क्रू मीटर बघत फिरवायचा. मी हे नंतर केलं. पंप हातात धरला होता, लाल वायर टेकवणार इतक्यात मीटरकडे लक्ष गेलं: १९.४. हात आपोआप मागे आला. स्क्रू बारीक आहे, बरेच वेढे घ्यावे लागतात तेव्हा आकडा हलतो. १२.० वर आणला.

मग लेकीचा प्रयोग. पॅनेल अंगणात ठेवलं, पंप बादलीत. तिने आंब्याचं एक वाळलं पान आणून काचेवर ठेवलं, अगदी एका चौकटीवर, ती झाकली जाईल असं. धार पडली. पान उचललं, धार आली. पुन्हा ठेवलं, पुन्हा पडली. ३६ सेल एका माळेत ओवलेले, त्यातल्या एकाची वाट अडली की सगळ्या माळेतून तेवढाच करंट जातो. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर सावली आली तरी 'थोडंच तर झाकलंय' हा हिशोब इथे लागू नाही. तिने हे दहा वेळा केलं आणि शेवटी विचारलं, "मग पान कोण काढणार रोज?"

पॅनेल पत्र्यावर, दक्षिणेकडे तोंड, २० अंश तिरकं. नाशिक २० अक्षांशावर, तेवढंच पॅनेल कलतं. पान आपोआप घसरून पडेल अशी आशा.

२ मार्च, रविवार

डोण जागची हलवली. दोघांनी उचलली तरी कंबर बोलली. आता जास्वंदीपासून अडीच मीटर लांब, दोन सिमेंट ब्लॉकवर. झुडपाला चिकटून ठेवली की मांजराची सोय होते.

खोली जास्त होती. बुलबुल काय, साळुंकीलाही ५ सेंटिमीटरच्या वर पाणी नको असतं, पाय टेकले पाहिजेत. एका टोकाला गोटे भरून उतार केला. गुळगुळीत टाइलचे तुकडे आधी टाकले होते, ते काढले. शेवाळ धरलं की पक्षी घसरतात.

पंप डोणीत ठेवायचा नाही हे फुलाने शिकवलं होतं. खाली २० लिटरचा टब अर्धा पुरला, पंप त्यात. पाणी वर डोणीत जाणार, भरून टबात परत. परत जायला वाट हवी. त्याच सकाळी गल्लीत पाट्या-वरवंट्याला टाकी लावून देणाऱ्या बाई आल्या. त्यांना डोण दाखवली. छिन्नी-हातोडी काढली आणि दहा मिनिटांत कडेला अर्ध्या इंचाची सुबक खाच. म्हणाल्या, "दगड चांगलाय, पाटा झाला असता."

नळ्या मार्केट यार्डाजवळच्या ड्रिपच्या दुकानातून. द्राक्षाच्या जिल्ह्यात राहायचा हा फायदा: १६ मिलिमीटरची लॅटरल नळी, ग्रोमेट (भोकात बसणारं रबरी कडं), टी (तीन तोंडांचा सांधा), एल्बो, चार मिलिमीटरची मायक्रोट्यूब, सगळं सुटं मिळतं. धार कमी करायला डोणीकडच्या नळीवर कॉक लावणार होतो. दुकानदार म्हणाला, "दाबू नका, परत सोडा." म्हणजे पंपाजवळच टी टाकायची, जास्तीचं पाणी टबातच सोडायचं, कॉक त्या परतीच्या नळीवर. शेतातला बायपास, तोच. पंप मोकळा चालतो, डोणीत हवी तेवढीच धार.

सव्वाअकराला चालू केलं. गोट्यावरून पाणी उतरतंय, खाचेतून टबात पडतंय. आवाज फार सुंदर.

९ मार्च, रविवार

कावळा. कोरडी पोळी आणतो, डोणीत भिजवतो, निम्मी खातो, निम्मी सोडून जातो. भिजलेली पोळी विरघळून खाचेतून टबात, टबातून पंपात. गुरुवारी पंप बंद, उघडला तर आत चक्क कणीक.

पंप उघडणं सोपं आहे, स्क्रू नाहीत. पुढचं झाकण फिरवून निघतं, आत पांढरं चक्र, त्याला मागे चुंबकाचा दांडा, तो चिनी मातीच्या काडीवर फिरतो. धुतला, बसवला. पंपाला जुना नायलॉनचा मोजा चढवला, टबावर शेडनेटचं दुहेरी झाकण. बायकोने विचारलं मोजा कोणाचा. उत्तर दिलं नाही.

आणखी एक. सकाळी आठच्या सुमारास पंप गचके खातो: फिरतो, थांबतो, फिरतो, थांबतो. ऊन कोवळं, पॅनेल दोन-अडीच वॅट देऊ शकतं, पंप मागतो चार. मागणी आली की पॅनेलचं व्होल्टेज कोसळतं, पंप थांबला की परत चढतं. कन्व्हर्टर ९ व्होल्टवर आणला. मागणीच निम्म्याच्या आसपास आली, गचके गेले आणि पंप अर्धा तास लवकर सुरू व्हायला लागला. धार बारीक झाली पण डोण काही उंच नाही.

२० मार्च, गुरुवार

आज जागतिक चिमणी दिवस. २०१० पासून पाळतात, आणि तो सुरू करणारे मोहम्मद दिलावर आपल्या नाशिकचे, हे लेकीला शाळेत सांगितलं. त्यामुळे ती घरी येऊन फार अधिकाराने बोलत होती. आठवडाभर तिने वहीत नोंद ठेवली आहे. ती इथे उतरवतो, कारण माझी बोलती बंद झाली आहे.

सकाळी ६:५० ते ८: बुलबुल, चिमण्या, दयाळ, सातभाईंची टोळी. सगळे नळाकडे जाऊन बघतात, एखादा डोणीवर येतो. पाणी थांबलेलं.
८ ते १०: थोडे. पंप सुरू.
१० ते ४: कावळा. एकदा होला. पंप जोरात.
४:३० नंतर: पुन्हा बुलबुल, चिमण्या. पंप बंद पडत आलेला.

खाली तिने लिहिलंय: 'बाबांचा पंप ऑफिसच्या वेळेत चालतो.'

तसंच आहे. भर उन्हात पक्षी पानांत दडून बसतात आणि माझं कारंजं रिकाम्या अंगणात वाहतं. ऊन असतं तेव्हा गिऱ्हाईक नाही आणि गिऱ्हाईक येतं तेव्हा ऊन नाही.

सरळ उपाय बॅटरी. १२ व्होल्टची छोटी बॅटरी, चार्ज कंट्रोलर, टायमर, पावसापासून वाचवायला डबा. कंपनीत दिवसभर हेच करतो, मेंटेनन्सला. रविवारी पुन्हा पॅनेल-बॉक्स भरायचा उत्साह येईना. दोन-तीन वर्षांनी बॅटरी बदलायचीच. तरी यादी केली.

३० मार्च, रविवार, पाडवा

श्रीखंड-पुरी झाल्यावर अंगणात बसलो होतो. बॅटरीच्या यादीबद्दल आईला सांगत होतो: दिवसा साठवायचं, पहाटे वापरायचं.

आई म्हणाली, "काय साठवायचं?"

"वीज."

"पाणीच साठव ना. वर मडकं टांग आणि गळती लाव. महादेवाला लावतात तशी. थेंब तर हवाय त्यांना."

मी दोन मिनिटं काही बोललो नाही. कपालेश्वरला लहानपणापासून जातोय. नंदी नसलेला महादेव म्हणून पाहुण्यांना कौतुकाने दाखवतोय. पिंडीवर भांडं टांगलेलं, त्यातून संथ धार, हे शेकडो वेळा पाहिलंय. मडक्याची बॅटरी काही सुचली नाही. आणि नळ गळायचा तेव्हा बुलबुल यायचे, हे तर पोरीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी तो वाक्याचा भाग सोडून कारंजं ऐकलं.

६ एप्रिल, रविवार

माळ्यावर जुना माठ होता. आता पाणी गार करत नाही म्हणून टाकलेला. छिद्रं क्षारांनी बुजली आहेत. आपल्याला असाच हवा, पाझरणारा नको.

मानेखाली ओव्हरफ्लोचं भोक पाडायचं होतं. टाइलचं बिट, ड्रिलचा वेग कमीत कमी, वरून लेक वाटीने पाणी सोडतेय, मागे उभी आई, "फुटला तर नवा आणायचा" असं धीर देतेय. चाळीस मिनिटं. शेवटचा टवका आत पडला तेव्हा कुठे श्वास सोडला. त्यात ग्रोमेट, एल्बो, आणि लॅटरल खाली डोणीच्या गोट्यांवर.

थेंबासाठी आधी ताशी ४ लिटरचा ड्रिपर लावून पाहिला. तो ४ लिटर देतो ते एक किलो दाबाला, म्हणजे १० मीटर उंचीच्या पाण्याला. माझ्या ३० सेंटिमीटरला त्याने ताशी पाऊण लिटर दिलं. तेही जास्तच, सेकंदाला चार थेंब. शिवाय तो कमी-जास्त करता येत नाही. मग मेडिकलमधून सलाईनचा नवा सेट आणला. २० थेंबांना एक मिलिलिटर, नळीवर चक्री. मिनिटाला ६० थेंब म्हणजे ३ मिलिलिटर, तासाला १८० मिलिलिटर. संध्याकाळी ५ ते सकाळी ९, सोळा तास: तीन लिटरच्या आत. माठात तोटीच्या वर सात मावतात. तोटी काढून त्या भोकात रबरी बूच, बुचात सेटचं टोक. चक्री फिरवली, थेंब मोजले. दवाखान्यात जो थेंब बघून जीव टांगणीला लागतो, तोच इथे बघत अख्खं घर खुशीत बसलं होतं.

आता माठ दीड मीटर उंचीच्या लोखंडी स्टँडवर. टबातून चढ वाढला, ९ व्होल्टला पाणी नळीत अर्ध्यावर येऊन थांबलं. कन्व्हर्टर साडेदहावर नेला, तेव्हा माठात पोचलं. दिवसा माठ भरतो, जास्तीचं गोट्यांवरून वाहतं. ऊन गेलं की वाहणं थांबतं, थेंब चालू राहतो.

७ एप्रिल, सोमवार

सकाळी ६:३०. थेंब नाही. माठ कोरडा. टब काठोकाठ भरून जास्वंदीच्या आळ्यात तळं.

रात्रभर गळायला एवढं पाणी नव्हतंच. मग कळलं. माठात पडताना आवाज होतो म्हणून मी पंपाची नळी माठाच्या तळापर्यंत सोडली होती. पंप थांबला की त्याच नळीतून पाणी उलटं खाली. या पंपात झडप-बिडप काही नाही, भरलेली नळी म्हणजे आयती वक्रनलिका, सायफन. शाळेत शिकलेलो, कंपनीत टाक्या अशाच रिकाम्या केलेल्या. घरी मात्र विसरलो.

नळी वर ओढली, ओव्हरफ्लोच्या भोकापेक्षा चार बोटं वर तोंड ठेवलं. पाणी हवेतून पडू दे. आवाज होतो तर होऊ दे.

१३ एप्रिल, रविवार

६:४० ला खिडकीत बसलो, चहासकट.

नळीचं टोक डोणीच्या वर वीतभर लोंबतंय. थेंब टोकाला फुगतो, जरा थरथरतो, सुटतो, डोणीत एक वर्तुळ उमटतं. ६:५२ ला बुलबुल स्टँडच्या आडव्या सळईवर. मान वाकडी करून एकदा नळीकडे, एकदा आमच्याकडे. मग सळईवर उलटा लोंबकळून चोच थेट नळीच्या टोकाला. एक थेंब, दोन, तीन. शेपटीखालचा लाल ठिपका आमच्याकडे. त्याचं झाल्यावर दुसरा, तो खाली उतरून गोट्यांच्या उथळ पाण्यात बसला आणि पंखांनी एवढं पाणी उडवलं की खिडकीच्या काचेवर आलं.

पिंपळावर तांबट टुक-टुक-टुक करत होता. तो काही पाण्यावर आला नाही. लेकीने त्याचा ठोका आणि आमचा थेंब मोजायचा प्रयत्न केला. तांबट पुढे.

सातपर्यंत: बुलबुल ४, चिमण्या ६, दयाळ १. सातभाई आले आणि मोजणं संपलं.

२७ एप्रिल, रविवार

ऊन भयंकर. डोणीतलं पाणी दिवसाला सेंटिमीटरभर उडतं, म्हणजे दीड लिटर तिथेच. शिडकावा, पिणं धरून टबात रोज तीन-चार लिटर भर घालावी लागते. ते काम आईने घेतलंय. पहाटे थेंब साठावरून पन्नासवर येतो, माठातली पातळी उतरते म्हणून. चालतं.

बोअरचं पाणी जड. पाणी उडतं, क्षार मागे राहतात, पंपाच्या काडीवर पांढरा थर आणि घरघर. कोमट पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व टाकून तासभर बुडवला, थर खरवडावाही लागला नाही. नीट धुऊनच परत बसवला. सलाईनच्या पारदर्शक नळीत हिरवं धरू लागलं, तिला काळी टेप गुंडाळली. थेंब दिसतो तेवढी कुपी मोकळी ठेवली, चार दिवसांनी पुसायची.

शनिवार कोरडा दिवस. पाणी हलतंय म्हणून हे टाळायचं नाही. टबाचे कोपरे, माठाचा तळ हलत नाहीत. एडीसला अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. सगळं ओतून, साबण न लावता नारळाच्या शेंडीने घासायचं. ओतलेलं पाणी कढीपत्त्याला.

१८ मे, रविवार

अवकाळीने धरलंय. सलग ढग, पंप दिवसातून तासभर चालला तर चालला. पण माठ तेवढ्यात भरतो. तास-दीड तासाचं ऊन रात्रभराच्या थेंबाला पुरतं, हे बॅटरीवाल्या यादीत बसलं नसतं. दोन दिवस तेवढंही ऊन नव्हतं, आईने लोट्याने माठ भरला.

वाऱ्याने पॅनेल हललं होतं, नट आवळले. शून्य सावलीचा दिवस या आठवड्यात, पण सावली पडायला आधी ऊन हवं.

८ जून, रविवार

पावसाळ्यापुरतं आवरलं. पंप उघडून, पुसून, कोरडा करून डब्यात. सलाईनची नळी फेकून दिली, ऑक्टोबरात नवी. कन्व्हर्टरच्या डब्यात एका पालीने अंडी घातली आहेत, तो तसाच ठेवला. माठ पालथा. पॅनेल पत्र्यावरच राहू दे, पावसाने धुतलं जाईल.

शेजारचे काका दोन महिने कुंपणावरून बघत होते. आज विचारायला आले, "अहो, आमच्याकडेही करून द्याल का?" माठ, सेट, उंची, सगळं समजावलं. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते ठीक आहे हो, पण आम्हाला उडणारं हवं. रंगीत लाइटवालं असलं तर बघा."

तरंगतं फूल त्यांना देऊन टाकलं. लाइट त्यांनी लावून घ्यावेत.